नाना मध्यरात्री बैल शोधतात

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमचं गाव यावल तालुक्यात, केळीची शेती. सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो, वय ७६. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा आल्या होत्या तेव्हा एकदम ठणठणीत, केळीचा भावसुद्धा तोंडपाठ. आणि आता आठ दिवस झाले, रात्री दोनला उठून बसतात अन् विचारतात "मना बैल कोठे शेतस?", बैल विकून पंधरा वर्षं झाली हो! दिवसा नुसती झापड, मला आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, नावाने हाक मारतात, त्या वारल्या कधीच्या. शेजारी म्हणतात साठी बुद्धी नाठी, कोणी म्हणतं बाहेरचं आहे. मिस्टर म्हणतात माल कटाईवर आलाय, तो गेला की दाखवू. बीपीची गोळी चालू आहे, मध्ये अंगाला खाज होती म्हणून मेडिकलवरून गोळ्या आणल्या. रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून पाणी कमीच पितात. हा अल्झायमर आहे का?
– एक सून

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या फोन करून सांगितलं की कटाई राहू द्या, नानांना आजच दाखवा. इथे लिहितोय ते बाकीच्यांसाठी, कारण असं पत्र दर उन्हाळ्यात येतंच.

अल्झायमर असा आठ दिवसांत येत नाही. तो महिनोन्‌महिने हळूहळू चढतो, आधी चावी कुठे ठेवली, मग तोच प्रश्न परत परत, मग ओळखीचा रस्ता. तुमच्या नानांचं एकदम झालंय, दिवसा झापड रात्री गोंधळ, याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात आणि यात मेंदूपेक्षा शरीरातच काहीतरी बिघडलेलं असतं बहुतेक वेळा. घरी एक करून बघा, वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार... दोन-तीन वारांतच माणूस भरकटला तर लक्षच टिकत नाहीये असं समजा.

आता तुमच्याच पत्रात कारणं पडलीयेत बघा. मे महिना, आपल्याकडचं ४४-४५ डिग्री ऊन, त्यात पाणी कमी, आणि बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्याने रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, घसरू शकतं (रिपोर्टमध्ये १३५ ते १४५ पाहिजे). वर ती खाजेची गोळी! गुंगी आणणाऱ्या जुन्या खाजेच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाला सरळ गोंधळात टाकतात, आणि प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेला असेल तर लघवीही तुंबते, मग इन्फेक्शन. म्हाताऱ्यांना कधी कधी ताप नाही, जळजळ नाही, नुसतं बरळणं एवढंच लक्षण दिसतं. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, मेडिकलवरच्या पण, काढे-चूर्ण पण. सोडियम, शुगर, किडनी आणि लघवी तपासायला सांगा. महिना-दोन महिन्यांत पडले असतील, डोक्याला लागलं असेल तर ते आवर्जून सांगा, डोक्यात हळूहळू रक्त साकळतं कधी कधी, ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर मात्र एक मिनिट थांबू नका.

खाजेची गोळी बंद, पण बीपीची आपल्या मनाने बंद करू नका. झोपेची गोळी तर अजिबात नको, बहुतेक घरं हीच चूक करतात. पाणी संध्याकाळच्या आत जास्त प्यायला द्या, मग रात्रीचं उठणं कमी होतं (हार्टचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून).

कारण सापडलं तरी डोकं ताळ्यावर यायला काही आठवडे लागू शकतात. त्यानंतरही विसरणं राहिलंच तर व्हिटॅमिन बी-१२ आणि थायरॉईड बघू, माळकरी घरात बी-१२ बऱ्याचदा कमी निघतं, आणि मग खऱ्या अल्झायमरचा विचार करू.

तोवर रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा, चष्मा हाताशी ठेवा, खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला. सरकारची ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन आहे १४५६७, फुकट आहे. आणि "बैल कधीच विकले" म्हणून वाद घालू नका, कोणते होते हो नाना, नावं काय होती असं विचारा, बोलू द्या, मग हळूच सांगा की घरीच आहात, मी तुमची सून आहे.