गरिबी हटवण्याचे आराखडे आणि पैशाची वाट

प्रश्न : विकसनशील देशांचे दारिद्र्यनिर्मूलनाचे राष्ट्रीय आराखडे कागदावरच का राहतात? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : कर्जमाफी हवी असलेल्या गरीब देशांना जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९९९पासून असे आराखडे सक्तीचे केले, साहजिकच अनेक ठिकाणी ते जनतेपेक्षा धनकोंसाठी लिहिले गेले. प्रस्तावना देखण्या असतात, खरी मेख अंदाजपत्रकात असते. युगांडात १९९१ ते १९९५ दरम्यान शाळांच्या वेतनेतर अनुदानापैकी सरासरी जेमतेम १३ टक्के रक्कम शाळेपर्यंत पोहोचत असल्याचे पाहणीत उघड झाले, तेव्हा सरकारने हप्त्यांचे आकडे वृत्तपत्रांत छापले, शाळांच्या दारांवर लावायला सांगितले आणि गळती बरीच घटली. आपल्या रोजगार हमी योजनेमागेही १९७७चा कायदा आणि व्यवसायकराचा हक्काचा पैसा होता, म्हणूनच सरकारे बदलली तरी ती टिकली.