झोप लागावी म्हणून जायफळाचं दूध पहिल्यांदा घेताय?

ताई, तयार पूड नको. सांगलीच्या गणपती पेठेतून अख्खं जायफळ आणा, हातात जड लागणारं. हलकं, भोकं पडलेलं किडकं असतं. कपभर दुधात चिमूटभर हळद घालून उकळा, नाहीतर ती कच्चट लागते. सहाणेवर दुधाच्या थेंबात जायफळाचे ३-४ वेढेच उगाळा, तांबूस गंध उतरलं की पुरे. ते कोमट दुधात कालवून झोपण्याआधी तासभर घ्या.

झोप आली नाही म्हणून वेढे मात्र वाढवू नका! जायफळ चढायला काही तास लागतात. जास्त झालं तर मळमळ, तोंडाला कोरड, छातीत धडधड, भ्रमसुद्धा होतो. गरोदरपणात टाळाच; झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि संध्याकाळचा चहा तेवढा सोडा.