नॉइज कुणाचा कमी? कॅमेरा निवडताना पडणारे प्रश्न

फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरची) मिररलेस बॉडी घेण्याआधी नॉइजची, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दाण्यांची, तुलना कशी करायची, यावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी लग्नाची कामं करतो. कॅनन आर६ मार्क २ आणि आर५ मार्क २ भाड्याने आणून हॉलमध्ये आयएसओ (फोटो किती उजळ करायचा, ते ठरवणारं सेटिंग) ६४०० वर फोटो काढले. मॉनिटरवर शंभर टक्के झूम केलं की आर५ मार्क २ मध्ये दाणे उघड जास्त दिसतात. पैसेही जास्त आणि नॉइजही जास्त, मग ती का घ्यायची?

नॉइज कमी मिळेल म्हणून घेऊ नका, पण नॉइजला घाबरून सोडूही नका. शंभर टक्के झूमवर तुम्ही एका फोटोला साधं भिंग लावलंय आणि दुसऱ्याला जास्त जाड. आर६ मार्क २ ची फाइल ६००० × ४००० पिक्सेलची, आर५ मार्क २ ची ८१९२ × ५४६४ ची. सेन्सर मात्र दोन्हींत ३६ × २४ मिमीच. म्हणजे गोळा होणारा प्रकाश जवळपास तेवढाच. तो साडेचार कोटी पिक्सेलांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो, इतकंच.

आणि वाट्याला कमी आलं की दाणे दिसतातच. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. फक्त १०० पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. या वर्गमुळाच्या हिशेबाने तुमच्या दोन बॉडींत पिक्सेलपातळीवर सुमारे ०.९ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरक दिसणारच, सेन्सर कितीही चांगला असो.

आता अल्बमचं बघा. १२ × ३६ च्या अल्बमचं एक पान १२ × १८ इंचांचं. ३०० डीपीआयला ते होतं ५४०० × ३६०० पिक्सेल. आर६ मार्क २ ची फाइल तिथे ९० टक्क्यांवर येते, आर५ मार्क २ ची ६६ टक्क्यांवर. लहान करताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि दाणे विरतात. दोन्ही फाइली फोटोशॉपमध्ये बायक्युबिकने ५४०० वर आणा (निअरेस्ट नेबर नको, त्यात पिक्सेल मिसळत नाहीत, नुसते गळतात) आणि मग शेजारी ठेवा. उरेल तो खरा फरक, आणि तो फारसा उरत नाही. अगदी काळोखात, २५,६०० च्या पुढे, कमी पिक्सेलवाली बॉडी थोडी पुढे जाऊ शकते, कारण प्रत्येक पिक्सेल वाचताना सर्किट आपला थोडा नॉइज घालतं आणि पिक्सेल जास्त म्हणजे ही भरही जास्त वेळा.

प्रश्न : दुकानात दोन्ही बॉडी हातात देतात, अर्धा तास मिळतो, कार्ड माझं. नेमकं काय काय करू?

मोड एम (मॅन्युअल), ऑटो आयएसओ बंद, फाइल रॉ (सेन्सरची कच्ची फाइल). दोन्हींत शटर आणि अ‍ॅपर्चर तेच. कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटी, निकॉनचं अ‍ॅक्टिव्ह डी-लाइटिंग, सोनीचं डीआरओ ही सावली-उजेड आपोआप सावरणारी सेटिंग बंद करा. यातलं पहिलं तर गुपचूप एक स्टॉप कमी एक्स्पोज करतं आणि मग उजळून दाखवतं. ते चालू राहिलं तर तुलना तिथेच फसली.

शटर १/५० किंवा १/२५ ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२०० ला एक फोटो उजळ आणि पुढचा मंद येईल आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी बसेल. बॉडी काउंटरवर टेकवून, दोन सेकंदांच्या टायमरवर.

लेन्स हा अडचणीचा भाग. एफ/२.८ लिहिलेल्या दोन लेन्स सारखाच प्रकाश आत सोडतात असं नाही. काचांमध्ये थोडा हरवतो, आणि एफ आकडा ते सांगत नाही. दोन्ही माउंटमध्ये मिळणारं सिग्मा किंवा टॅमरॉनचं एकच मॉडेल मिळालं तर उत्तम. नाहीतर सारख्या फोकल लेंग्थच्या लेन्स एफ/५.६ वर, कडांचा अंधार तरी त्याने जातो.

समोर काय ठेवायचं? पांढरी भिंत नको, तिच्यावर सगळेच कॅमेरे शहाणे दिसतात. काळी बॅग, कुणाचे तरी केस आणि चेहरा एका चौकटीत घ्या. आयएसओ १६००, ६४००, २५,६०० असे तीन फोटो, आणि चौथा बेस आयएसओवर (कॅमेऱ्याच्या सर्वात कमी मूळ आयएसओवर) मुद्दाम तीन स्टॉप अंधारा.

घरी आल्यावर एक फाइल उजळ दिसेल. गोंधळू नका. आयएसओचा आकडा ठरवायच्या एकाहून अधिक पद्धती मानकातच मान्य आहेत, त्यामुळे एका कंपनीचं ६४०० दुसरीच्या ६४०० एवढं असेलच असं नाही. सेन्सरवर पडलेला प्रकाश तोच आहे ना, मग एक्स्पोजर स्लायडरने दोन्ही सारखे उजळ करा आणि तेव्हाच तोला. लाइटरूममध्ये रॉ उघडताच शार्पनिंग ४० आणि कलर नॉइज रिडक्शन २५ आपोआप लागतं. दोन्ही फाइलींना दोन्ही शून्य करा आणि प्रोफाइल एकच ठेवा. जेपेगवरून निकाल देऊ नका. त्यात तुम्ही कंपनीचा स्वयंपाक चाखता, धान्य नव्हे.

बघताना नुसते दाणे मोजू नका. बारीक करडे दाणे छपाईत खपून जातात. सावलीतले लाल-हिरवे डाग आणि आडव्या रेषा खपत नाहीत. आणि दाणे कमी पण केसही लोण्यासारखे, असं दिसलं तर शंका घ्या. काही बॉडी रॉमध्येच नॉइज पुसतात. कॅनन आर५ कमी आयएसओवर हे करते. अशा फाइलचा आकडा छान येतो, पण तो सेन्सरचा गुण नव्हे.

प्रश्न : नाटकांचे फोटो काढतो, त्यामुळे सायलेंट शटर लागतंच. पण ते लावलं की सावल्या खराब होतात. सगळ्याच मिररलेसमध्ये असं होतं का?

नाही. आर५ आणि आर६ मार्क २ इलेक्ट्रॉनिक, म्हणजे सायलेंट, शटरवर १४ ऐवजी १२ बिटची, म्हणजे उजेडाच्या कमी पायऱ्यांची, फाइल देतात. कमी आयएसओवर सावली उचलली की ते जाणवतं. पण रंगमंचावर तुम्ही ६४०० ला असाल, तर तिथला नॉइजच त्या पायऱ्यांहून मोठा असतो आणि बिटचा फरक त्यात बुडून जातो. तेव्हा तुमचा त्रास बहुधा दिव्यांचा: सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचला जातो आणि लुकलुकणारे एलईडी पट्टे उमटवतात. ओळखायचं सोपं आहे. कॅमेरा उभा धरून फोटो काढा. पट्टेही उभे झाले तर ते याच वाचण्याचे.

आर५ मार्क २ इलेक्ट्रॉनिक शटरवरही १४ बिट देते. निकॉन झेड८ आणि झेड९ मध्ये तर मेकॅनिकल शटरच नाही, त्यामुळे सायलेंट लावल्याने फरक पडायचा प्रश्नच नाही. सोनी ए९ मार्क ३ सगळा सेन्सर एका क्षणात वाचते, पण त्याची किंमत म्हणजे बेस आयएसओ २५० पासून सुरू. नाटकाला ते चालतं. भर उन्हात सावल्या उचलणाऱ्याला खटकेल.

प्रश्न : आयएसओ जितका कमी तितका नॉइज कमी, म्हणून झेड८ वर ४०० च्या वर जात नाही आणि नंतर उजळतो. बरोबर ना?

उलटं होतंय. दाणे कमी प्रकाशाचे असतात, आयएसओच्या आकड्याचे नव्हेत. झेड८ मध्ये दोन गेन (सेन्सरचा सिग्नल वाढवायच्या पातळ्या) आहेत: एक ६४ पासून, दुसरा ५०० पासून. शटर-अ‍ॅपर्चर तेच ठेवून ४०० वर काढून उजळलेली सावली ५०० वर काढलेल्या सावलीहून खराब निघते. ५०० च्या पुढे मात्र आयएसओ चढवून नॉइजमध्ये फार काही मिळत नाही, फक्त हायलाइट (फोटोतले उजळ भाग) उडायची भीती वाढते. सोनी ए७ मार्क ३ मध्ये हीच पायरी ६४० ला आहे. म्हणून ५०० या एकाच आकड्यावर हे दोन कॅमेरे तोलणं म्हणजे एकाला पायरीच्या वर आणि दुसऱ्याला खाली उभं करून उंची मोजणं.

प्रश्न : ताडोबासाठी एपीएस-सी की फुल फ्रेम?

सोनी-निकॉनच्या एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या सुमारे २.४ पट कमी, म्हणजे चौकट पूर्ण भरली तर सव्वा स्टॉपचा तोटा. पण ४०० मिमीवर वाघ लांबच असेल आणि फुल फ्रेम तुम्ही तेवढीच कापणार असाल, तर तो सव्वा स्टॉप कापताना फेकून देता. जादा पैसे आधी लेन्सवर घाला.

प्रश्न : आता एआय डीनॉइज आहे, मग ही तुलना कशाला?

लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ पासून डीनॉइज आहे आणि एखाद्या स्टॉपचा फरक ते सहज झाकतं. पण ते रॉवरच चालतं, आणि दोन हजार फोटो त्यातून काढायला साधं ग्राफिक्स कार्ड असेल तर रात्र जाते. शिवाय जिथे तपशील नॉइजखाली गेला, तिथे ते अंदाजाने भरतं: मागच्या रांगेतल्या पाहुण्यांचे चेहरे मेणाचे होतात, पैठणीच्या जरीतले बारीक टाके एकमेकांत वितळतात. अमाउंट ५० वर येतं, ते ३० च्या आसपास आणून बघा, आणि जरी मूळ फाइलशी ताडून मगच अल्बमला पाठवा.