मुंबईतून ‘एज ऑफ वूशू’ हा चिनी युद्धकलेवरचा ऑनलाइन गेम नव्याने खेळायला घेतोय, पहिला पंथ (युद्धकलेचं घराणं) कोणता निवडू?

डोळे झाकून शाओलिन घ्या. सुरुवातीच्या आठ पंथांपैकी याचा भर बचावावर आहे, त्यामुळे चार फटके खाऊनही उभं राहता येतं आणि नवख्याला तेच हवं असतं. मी स्वतः अंधेरीतून खेळतो. सर्व्हर परदेशात असल्याने पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) चढतंच, विशेषतः रात्री, आणि मग अचूक वेळेवर चालणारे डाव फसतात. त्यामुळे टांगमेन पंथाची छुपी शस्त्रं कितीही भारी वाटली तरी सध्या लांबच ठेवा. फक्त एक अडचण आहे: शाओलिनमध्ये पुरुष पात्रच चालतं. स्त्री पात्र हवं असेल तर एमेई पंथ बघा. तिथे फक्त स्त्रियांनाच प्रवेश, शिवाय इतरांना बरं करण्याची विद्या मिळते, म्हणून गटात घ्यायला सगळे तयार असतात.