रायटिंगला परत सहाच आले, इंग्रजी कच्चंय का?

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. तिला विचारूनच लिहितेय, नाव देत नाही. सिव्हिल इंजिनियर, शाळा सेमी-इंग्लिश, आयर्लंडमध्ये मास्टर्सला जायचं पक्कं. आयएल्ट्सचा (परदेशी शिकायला जाताना लागणारी इंग्रजीची परीक्षा) रिझल्ट टेबलावर ठेवला, प्रत्येक सेक्शन ९ पैकी, लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ६.५ आणि रायटिंग ६. सरासरी येते ६.७५, ती वर जाऊन ओव्हरऑल ७ झालेला, म्हणजे एरवी पेढे वाटावेत असा रिझल्ट, पण तिच्या युनिव्हर्सिटीची अट होती की कुठल्याच सेक्शनला साडेसहाच्या खाली चालणार नाही. आणि हे दुसऱ्यांदा, मागच्या वेळीही रायटिंगला सहाच.

वडील म्हणाले, "मॅडम, हिला मराठी शाळेत घातलं ती माझीच चूक झाली का हो?" मुलगी मान खाली घालून बसलेली. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात तुटतं, कारण विचारणाऱ्यानं उत्तर मनात आधीच ठरवलेलं असतं.

तिचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. एक्झामिनरला माझं मत पटलं नसेल, नाहीतर मी भारी शब्द कमी वापरले असतील. दुसऱ्या शंकेपायी तिनं एक वहीच केलेली, डावीकडे साधा शब्द, उजवीकडे अवघड.

मी म्हटलं, वही बाजूला ठेव, आधी मार्क कुठून येतात ते बघू. रायटिंगला ६० मिनिटं, दोन टास्क. पहिल्यात निदान १५० शब्द (अ‍ॅकॅडमिकला, म्हणजे युनिव्हर्सिटीसाठीच्या परीक्षेत, ग्राफ, टेबल, नकाशा असलं काहीतरी), दुसऱ्यात निदान २५० शब्दांचा निबंध, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. निबंध ट्रेनिंग घेतलेली माणसं तपासतात आणि चार गोष्टींना सारखंच वजन असतं: जे विचारलं त्याचं पूर्ण उत्तर दिलंय का, मुद्दे एकमेकांना धरून आहेत का, शब्द नेमके आहेत का, आणि ग्रामर. प्रत्येकाला ९ पैकी बँड, म्हणजे गुण, आणि मग सरासरी. कुठल्या बँडला काय अपेक्षित आहे त्याचा तक्ता कुणालाही फुकट बघता येतो, पण दोनदा परीक्षा देऊनही तिनं तो बघितला नव्हता, क्लासमध्ये कुणी दाखवलाच नव्हता. फी भरून पोरांना एवढंही मिळू नये याचं मला फार वाईट वाटतं.

रिझल्टवर मात्र या चार गोष्टींचे वेगळे आकडे येत नाहीत, नुसता सेक्शनचा बँड येतो, त्यामुळे नेमकं कुठं अडलं ते मुलांना कळत नाही आणि मग ती भाषेला, शाळेला, नशिबाला दोष देत बसतात.

म्हणून तिला तिथंच लिहायला बसवलं, ४० मिनिटं. विषय दिला की काहींना वाटतं म्हाताऱ्या माणसांनी मुलांजवळ राहावं, काहींना वाटतं वृद्धाश्रम बरा, दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या.

तीनशेच्या वर शब्द लिहिले पोरीनं. पॅराग्राफ नीट, दोन्ही बाजू आलेल्या. पण सुरुवात "इन धिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन", शेवट "एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स", आणि मधे एके ठिकाणी "प्लेथोरा ऑफ लोनलीनेस". मी तिला म्हटलं, एखाद्यानं मराठीत "एकटेपणाची रेलचेल" लिहिलं तर तुला कसं वाटेल? तिला लगेच कळलं. शब्द भारी होता, पण तिथला नव्हता.

मग विचारलं, तुझं मत कुठंय? तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, नाण्याच्या दोन बाजूंवर. म्हटलं अगं ते मत नाही, ते आपल्या शाळेतल्या निबंधाचा शेवट आहे, सुविचार टाकायचा आणि थांबायचं. तिथं बाईंना आवडायचं ते, इथं विचारलेल्याचा एक अख्खा भाग कोराच राहिला. बरं, तुला खरंच काय वाटतं?

आणि मग ती जे बोलायला लागली, मराठीतच, आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आईनं पतसंस्थेतली नोकरी सोडली, आजी घरीच राहिली ते चांगलंच झालं पण दिवसा बघायला पगारी बाई मिळाली असती तर आईची नोकरी टिकली असती, म्हणजे घरी ठेवा हे म्हणणं सोपं आहे, त्याची किंमत घरातल्या एकाच बाईनं मोजू नये. हे सगळं एका दमात. वडील तिच्याकडे बघतच राहिले.

मी म्हटलं, हाच तुझा पॅराग्राफ. मत आहे, कारण आहे, उदाहरण आहे, आणि दुसरी बाजूही त्यातच आलीय. आता सुरुवातीलाच एका वाक्यात सांग तू कुठल्या बाजूला आहेस आणि शेवटपर्यंत तिथंच राहा. ती बाजू एक्झामिनरला पटावी लागत नाही, ती स्पष्ट दिसावी लागते आणि तिला आधार लागतो.

त्या निबंधाला मी माझ्या अंदाजानं आकडे दिले. उत्तर पूर्ण आहे का याला ५, मुद्द्यांच्या जोडणीला ६, शब्दांना ६, ग्रामरला ७. सरासरी ६. ग्रामरचा सात वडिलांना मुद्दाम दाखवला, म्हटलं बघा काका, चारात सगळ्यात चांगलं तेच आहे, शाळेनं काही बिघडवलेलं नाही. आणि पहिला ५ नुसता ७ झाला, बाकी काही हललं नाही, तरी सरासरी साडेसहा होते. ते चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

रीचेकिंगला टाकू का, असंही तिनं विचारलं. सहा आठवड्यांच्या आत अर्ज करता येतो, सीनियर एक्झामिनर परत तपासतो, बँड वाढला तर पैसे परत मिळतात. बाकीचे सेक्शन आठ-साडेआठ आणि रायटिंग एकदम सहा असं असतं तर मी टाक म्हटलं असतं. पण हिचा निबंध मी समोर बघितला होता, त्यामुळे नको म्हटलं. त्यापेक्षा वन स्किल रीटेक, म्हणजे कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर ६० दिवसांच्या आत कुठलाही एकच सेक्शन परत देता येतो. फक्त सगळ्या युनिव्हर्सिटी तो धरत नाहीत, म्हणून आधी ईमेल करून विचारायला लावलं. हिच्या युनिव्हर्सिटीचं हो आलं. परीक्षा होऊन दहाच दिवस झालेले, म्हणजे हातात पन्नास.

पाच आठवडे दर दोन दिवसांनी एक निबंध. लिहिण्याआधी पाच मिनिटं नुसतं प्रश्नात काय काय मागितलंय त्याखाली रेघा मारायच्या आणि आपली बाजू एका ओळीत मराठीत लिहायची. हो, मराठीतच, कारण मत आधी तिथं तयार होतं. पहिले चार निबंध जुन्याच वळणावर गेले, एकदा रडलीही. पाचव्यात पहिल्यांदा "मला वाटतं" सुरुवातीला आलं आणि शेवटी पण तेच टिकलं.

रिझल्टच्या दिवशी वडिलांचा फोन आला, रायटिंग ६.५, झालं म्हणाले काम. मग जरा थांबून विचारलं, "आजीवरच लिहिलं का हो तिनं?" मी म्हटलं नाही काका, विषय शहरातल्या वाहतुकीचा आला होता, तिनं तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर लिहिलं.