वाचकांचे प्रश्न : फॉक्सप्रो ते पायथन, एक रुपया कुठे गेला?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं व्याजाचं जुनं सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या भाषेत आहे, मी त्यातली व्याजाची पीआरजी फाइल (म्हणजे प्रोग्रॅमची फाइल) एआयला देऊन पायथन भाषेत करून घेतली. एकही एरर येत नाही, पण काही खात्यांना एक रुपया कमी येतोय आणि काही एफडी तर यादीतच दिसत नाहीत. कोड ओळीला ओळ ताडून बघितला, सगळं सेमच दिसतंय. काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ओळी सेमच असणार हो, घोळ ओळींत नाहीच, भाषेच्या सवयींत आहे. आधी रुपयाचं बघू. फॉक्सप्रोचं राउंड शाळेत शिकवतात तसं चालतं, 12.50 चे 13. पायथन 3 चं राउंड बरोब्बर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे जातं, म्हणजे 12.50 चे 12, पण 13.50 चे मात्र 14. म्हणूनच सगळ्या खात्यांना फरक येत नाहीये आणि म्हणूनच तो सापडायला त्रास होतो. पायथनचं डेसिमल मॉड्यूल घ्या, राउंड_हाफ_अप (अर्धा आला की वर न्यायचा नियम) लावा, आणि आकडा डेसिमलमध्ये टाकताना फ्लोट (संगणकातला अंदाजे दशांश आकडा) म्हणून नको, स्ट्रिंग (नुसती अक्षरं) करून द्या. खरं तर पैशाच्या हिशोबात फ्लोट असूच नये, हे माझं मत नाही, हट्ट आहे.

आता गायब एफडी. सेट एक्झॅक्ट ही शब्द पूर्ण ताडायची सेटिंग ऑफ असेल तर, आणि काहीच लिहिलं नसेल तर ते ऑफच असतं, फॉक्सप्रोचं साधं = उजवीकडची अक्षरं संपेपर्यंतच बघतं. म्हणजे समजा साध्या एफडीचा कोड "एफडी" आणि सिनियर सिटिझनचा "एफडीएस" असेल, तर प्रकार = "एफडी" या अटीत दोन्ही बसतात, ज्याने तेव्हा प्रोग्रॅम लिहिला त्याने बहुतेक हे मुद्दामच वापरलं असणार. पायथनचं == अख्खा शब्द ताडतं, मग "एफडीएस" वाली खाती बाहेर, तेही गुपचूप. तिथे स्टार्टसविथ (शब्दाची सुरुवात ताडणारं) लावा, पण आधी नक्की कुठले कोड धरायचेत ते संस्थेत विचारून घ्या. आणि एआयला दोष देऊ नका, सेटच्या कमांडी सहसा मेन पीआरजीत एकदाच असतात आणि ती तुम्ही त्याला दाखवलेलीच नाही.

अजून एक, फॉक्सप्रोत डिलीट केलेलं रेकॉर्ड पॅक (कायमचं काढायची कमांड) करेपर्यंत फाइलमध्येच पडून असतं, नुसती खूण लागते. सेट डिलीटेड (अशी खूण केलेली रेकॉर्ड वगळायची सेटिंग) काय आहे तेही बघून ठेवा, नाहीतर बंद खात्यांना व्याज लागायचं.

जुनं सॉफ्टवेअर लगेच बंद करू नका. व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 चा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट 2015 मध्येच संपला हे खरं, तरी एक अख्खी तिमाही दोन्हीकडे व्याज काढा आणि खातेनिहाय पैशापर्यंत जुळवा. नुसत्या टोटलवर विसंबू नका, इकडचा एक रुपया तिकडे भरून निघतो.

प्रश्न : सी भाषेत -7 % 3 चं (% म्हणजे भागाकारातली बाकी) उत्तर -1 येतं, पायथनमध्ये 2. कुठलं बरोबर?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : दोन्ही. सी भागाकार शून्याकडे कापतं, पायथन खालच्या पूर्णांकाकडे नेतं, त्यामुळे बाकी बदलते. सीसारखीच बाकी हवी असेल तर मॅथ.एफमॉड आहे, फक्त उत्तर फ्लोटमध्ये मिळेल. पण घड्याळाचे तास किंवा आठवड्याचे वार मागे मोजत असाल तर पायथनचंच उत्तर हवं असतं, तिथे सीमधली ती बाकीत n (म्हणजे भाजक) मिळवून परत % घ्यायची कसरत काढून टाकली तरी चालतंय.