कंडेन्सर एकाच उन्हाळ्यात कसा फुगला?

प्रश्न : काका, आमच्या भजनी मंडळाची जुनी अ‍ॅम्प्लिफायर मशीन घुमायला लागली म्हणून फिल्टर कंडेन्सर बदलून घेतला. जुना 4700 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचा होता. मेकॅनिकनं 35 व्होल्टचा टाकला. एका उन्हाळ्यात तो वरून फुगला अन् घूं-घूं पुन्हा सुरू. ट्रान्सफॉर्मर तर 24 व्होल्टचाच आहे, मग 35 पुरायला नको का?
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, 24 हा आकडा एसीचा आहे. कंडेन्सर त्याच्या शिखरापर्यंत, म्हणजे एसीच्या लाटेच्या सर्वांत वरच्या टोकापर्यंत चार्ज होतो. 24 ला 1.41 नं गुणा, ब्रिजमधल्या (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीतल्या) दोन डायोडचा दीडेक व्होल्ट वजा करा, साडेबत्तीस उरतात. कागदावर 35 पुरला. पण तुमचं भजन रात्रीचं. फिडरवरचे (गावच्या वीजवाहिनीवरचे) पंप बंद झाले की 230 च्या जागी 260 आलेले मी मीटरवर पाहिले आहेत. तोच हिशेब मग 37 च्या आसपास जातो, अन् भजन संपून मशीन नुसती चालू राहिली तर त्याहून वर. जुना 50 चा होता तो उगाच नव्हता.

त्यात आपलं ऊन. देवळाच्या टिनाखाली मे महिन्यात 45 अंश, पेटीच्या आत आणखी जास्त. आतला द्राव वाळत जातो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. म्हणजे 85 अंशांच्या अन् 105 अंशांच्या (हे त्याला सोसणारं कमाल तापमान) कंडेन्सरवर सारखेच 2000 तास लिहिले असले, तरी 105 वाला चौपट टिकावा. तोच घ्या, 50 किंवा 63 व्होल्टचा. मायक्रोफॅरड 6800 केला तरी चालेल, पण 22000 नको. चालू करताना डायोडवर झटका बसतो.

कन्नूरचा केल्ट्रॉन किंवा जपानी निचिकॉन, रुबिकॉन चांगले, पण नावाला भुलू नका. मोठ्या डब्यात लहान कंडेन्सर घालून वर 4700 चं वेष्टण चढवलेला मालही विकला जातो. हातात घेतला की हलका लागतो. दुकानातच मीटरवर मोजून घ्या, ईएसआर मीटर (कंडेन्सरचा आतला रोध मोजणारं) असेल तर उत्तम. भंगार टीव्हीतून काढलेला तर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका बाप्पा!

डाक देण्याआधी ब्रिजचे चारही डायोड तपासा. एक जरी लिकेज झाला असेल, म्हणजे उलट्या दिशेनंही वीज सोडत असेल, तर चांगला कंडेन्सरही फुगेल.

प्रश्न : छताचा पंखा मंद फिरतो. जुन्या रेडिओतला कंडेन्सर लावू का?
— वाचक, वणी

उत्तर : अजिबात नाही. पंख्याच्या कंडेन्सरवर 440 व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. रेडिओतला धन-ऋण खुणेचा डीसीवाला तिथे फुटेल. जुन्यावर 2.5 असेल तर नवाही 2.5 मायक्रोफॅरडचाच घ्या.